चार बोटं पाणी

१२ एप्रिल, शुक्रवार

औषधाच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. पहिल्या पानावर 'नाव' असं छापलंय, त्यापुढे 'वनमाला' लिहिलं आणि जरा वेळ त्याकडे बघत बसले. दिंद्रुडात या नावाने मला कुणी ओळखत नाही. उपकेंद्रात नर्स म्हणून सव्वीस वर्षं काढली, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी मी 'सिस्टर'च. हे होते तोवर घरात एक माणूस तरी नावाने हाक मारायचं. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. झालं, माझी माहिती संपली. सरकारी फॉर्मसुद्धा याहून मोठा असतो.

डायरी उघडायचं कारण शेजारची अपेक्षा. वच्छलाबाईंची नात, अंगद आणि सायलीची पोरगी, पावणेदोन वर्षांची. सगळे अपू म्हणतात. आज वच्छलाबाईंना कैऱ्या द्यायला गेले तर ही ओसरीवर नुसत्या चड्डीवर बसलेली, मानेवर घामोळ्यांचा थर. मला बघितलं आणि खालचा ओठ बाहेर आला. मग जी किंचाळली, ती थेट आजीच्या अंगावर चढली.

"मी काय केलं गं हिला?" मी म्हणाले.

वच्छलाबाई हसायला लागल्या. "सिस्टर, तुमाला बघून गावातली म्हातारी मानसंबी दंड झाकतेत. ही तर लेकरू हाय."

मीही हसले. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. ज्यांना मी सुया टोचल्या ती पोरं मला बघून रडली, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो रोखठोक व्यवहार होता. या अंगदनेच दीड वर्षाचा असताना माझ्या मनगटाला चावा घेतला होता. पण अपू जन्मली तेव्हा मी रिटायर झालेली होते. तिला मी सुई सोडाच, पोलिओचा थेंबसुद्धा पाजलेला नाही. मग हिला कुणी सांगितलं?

नोकरीत दर महिन्याला टार्गेट असायचं. गेल्या दोन वर्षांत एकही घेतलं नव्हतं, आज घेते. आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत अपूने मला बघून रडायचं बंद केलं पाहिजे.

१५ एप्रिल, सोमवार

मोबाईल बेचाळीस डिग्री दाखवतो. घामोळ्यांना औषध एकच, गार पाणी आणि सुती कपडा. हे मी हजार आयांना सांगितलं असेल. म्हणून बाजारातून लाल टब आणला, लेकरू मावेल एवढा.

दुकानदार म्हणाला, "नातू आलाय का सुट्टीला?" मी 'हो' म्हणून गेले. का म्हणाले कोण जाणे. मग त्याने नाव विचारलं आणि मला घाम फुटला. "ठरायचंय अजून," म्हणाले. सुट्टीला आलेल्या नातवाचं नाव अजून ठरायचंय! तो बिचारा टब पुसत राहिला. मी घाईघाईने रिक्षा पकडली.

टब परसात लिंबाच्या सावलीत ठेवला. नियम ठरवले. पाणी चार बोटं, वर थेंब नाही. पोर टबात असताना नजर हलवायची नाही, फोन वाजला तरी वाजू द्यायचा. खेळ झाला की टब पालथा. वीतभर पाण्यात लेकरं गेलेली मी बघितली आहेत, त्यामुळे यात कुणाचंही ऐकणार नाही. नळाला नवव्या दिवशी पाणी येतं, म्हणून खेळलेलं पाणी शेवग्याला.

आता लेकरू तेवढं यायचं राहिलंय.

१८ एप्रिल, गुरुवार

आलं! दुपारी लाईट गेली. माझ्या आणि वच्छलाबाईंच्या परसांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यापलीकडे अपू उकाड्याने ओरडत होती. मी सायलीला हाक मारली, "आण इकडं तिला, पाणी हाय."

सायली आली, पण अपू तिच्या खांद्यात तोंड खुपसून. मला एवढ्या वर्षांत एक कळलंय, भ्यालेल्या पोराच्या डोळ्यात बघायचं नाही. मी टबाकडे पाठ करून बसले. समोर स्टीलचं ताट उभं केलं, त्यात मागचं सगळं दिसत होतं. चहाच्या गाळणीने हात मागे करून टबात पाणी सोडत राहिले. टप टप टप. ताटात अपूचं डोकं वर आलं. मग एक पाय टबात आला.

मी आनंदाने वळले तर परत किंकाळी. म्हणजे पाठ चालते, तोंड चालत नाही. हरकत नाही, पाठ तर पाठ.

"सिस्टर, तुमी कावून एवढं करता?" सायलीने विचारलं. मी घामोळ्यांबद्दल दहा मिनिटं भाषण दिलं.

२१ एप्रिल, रविवार

चार दिवस पाठ करून बसतेय. मान आखडली आहे.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना भिंतीपलीकडून वच्छलाबाईंचा आवाज आला. अपूला भरवत होत्या. "जेव पटकन. सिस्टर येतेत बघ आता."

मला इतकं बरं वाटलं! म्हणजे माझ्या नावाने पोरगी दोन घास जास्त खाते. घरात माझा विषय निघतो. अपू लगेच थोडी रडली, दाढा येत असतील. उद्या हिरड्या बघायला हव्यात.

२४ एप्रिल, बुधवार

आज ताटात बघत होते तर अपू ताटातून गेली. मग पाठीवर ओला हात पडला. एकदा, मग पुन्हा, मग दोन्ही हातांनी थपाथप, जणू मी भिंत आहे. ब्लाऊज भिजला. मी हलले नाही. माझ्या पाठीला कुणी हात लावून किती काळ झाला याचा हिशेब करायला लागले आणि सोडून दिला.

सायली म्हणाली, "सिस्टर, सर्दी झाली का? डोळ्याला पानी आलंय." मी म्हणाले, हो.

घामोळ्या निम्म्या गेल्या.

२७ एप्रिल, शनिवार

माझी अक्कल कुठे चरायला गेली होती देव जाणे.

अपूला पाण्याची धार आवडते. नळी लावावी एवढं पाणी नाही. कपाटात वीस मिलीची एक सिरिंज पडलेली होती, पाकीटबंद, तिला सुई नाहीच. मी पाकीट फोडलं, पाणी भरलं आणि धार मारली शेवग्यावर. अपू खदखदून हसली. माझ्या तोंडाकडे बघून हसली! मी समोर बसलेली होते, अन् ती हसत होती. तिने सिरिंज हातात घेतली, मी दट्ट्या दाबायला शिकवलं, तिने माझ्या चष्म्यावर धार मारली. दहा मिनिटं आम्ही दोघी जगाला विसरलो.

तेवढ्यात भिंतीवरून वच्छलाबाई डोकावल्या. "आगं माय! सिस्टर, हे काय दिलं वो लेकराच्या हातात?"

"नवीन आहे, वच्छलाबाई. सुई नाही तिला. पाकिटातली, एकदम स्वच्छ."

"सोच्छतेचं कोन म्हनतंय?" त्या वळसा घालून परसात आल्या, अपूच्या हातातून सिरिंज ओढून घेतली. "जेवली न्हाई, झोपली न्हाई, रस्त्यावर पळाली, तर आमी हिला काय म्हनतो? सिस्टर येतेत सुई घिऊन. अन् तुमीच खेळाया देता व्हय? उद्या हिला धाक कशाचा ऱ्हायचा?"

सायली खाली बघत होती. वच्छलाबाई रागावलेल्यासुद्धा नव्हत्या. कालवणात मीठ जास्त झालं असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. अपूला उचलून घेऊन गेल्या.

टब पालथा केला.

२८ एप्रिल, रविवार

तर असं आहे. दाढा येत नव्हत्या.

सव्वीस वर्षं मला वाटायचं की मी महिन्यातून एकदा अंगणवाडीत बसते, आणि बाकीचे दिवस लोक मला विसरतात. नाही. मी रोज जेवायच्या वेळी आणि झोपायच्या वेळी घराघरात जात होते, मला न विचारता, हातात सुई घेऊन. म्हणूनच ज्यांना मी हात लावला नाही ती पोरंही रडतात.

वच्छलाबाईंवर राग काढावा म्हणून सकाळपासून बसले आहे, पण लिहायचंच तर खरं लिहावं. अंगदने चावा घेतला होता तेव्हा मी त्याला काय म्हणाले होते ते मला चांगलं आठवतं. "गप बस, न्हाईतर दुसरी देईन." सगळ्या आया हसल्या होत्या. मीही हसले होते.

३ मे, शुक्रवार

पाच दिवस कुणी आलं नाही. त्रेचाळीस डिग्री. टब लिंबाखाली पालथा. त्यावर कावळा बसतो.

आज दुपारी सायली आपणहून आली, कडेवर अपू. "भिंतीपाशी उभी ऱ्हाऊन पानी पानी करती दिसभर. लई हट्टी हाय." मग टबात पाणी ओतताना सासूबद्दल हळूच म्हणाली, "आत्याबाईला म्या सांगितलं, सिस्टरचं नाव घ्यायचं न्हाई आता. बुवाचं घ्या, कुत्र्याचं घ्या. कुरकुर करतेत, पन न्हाई घेत."

तिला कलिंगड कापून दिलं.

अपू पाण्यात बसली, गाळणी माझ्या हातात दिली, स्वतः डबीतून पाणी ओतत राहिली. कंटाळा आल्यावर उठली आणि ओल्या चड्डीने माझ्या मांडीवर येऊन बसली. सरळ बसली, विचार न करता. तिला 'सिस्टर' म्हणता येत नाही, 'तित्ता' म्हणते.

टार्गेट पूर्ण, आखितीच्या आठवडाभर आधी. माझ्या सगळ्या नोकरीत मुदतीआधी पूर्ण झालेलं हे पहिलंच.

६ मे, सोमवार

सुख फार वेळ टिकलं तर ते माझं कसलं.

सायलीला सहज म्हणाले, अपूचं लसीचं कार्ड दाखव बघू. दीड वर्षाचे डोस नाहीत. एक मांडीत, एक दंडात, दोन्ही राहिलेले. मागच्या दोन महिन्यांत सायली अंगणवाडीच्या दारापर्यंत जाऊन परत आलेली. अंगद परळीला कामावर असतो, रविवारीच येतो. पोरगी दारातच आकांत करते, वच्छलाबाई म्हणतात कशाला रडवायचं. आणि पलीकडच्या गावात गोवराची दोन लेकरं निघालीत, काल आशाताई सांगून गेली.

मी तिला जे बोलायचं ते बोलले. सायलीने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "येत्या गुरवारी हाय अंगनवाडीत. सिस्टर, तुमी मांडीवर घ्या ना तिला. तुमच्याजवळ गप ऱ्हाती. माझ्याच्यानं धरणं व्हत न्हाई."

मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात.

असं मी म्हणाले. सव्वीस वर्षं दारोदार फिरून कार्डं तपासणारी मी, गोवर म्हणजे काय ते डोळ्यांनी बघितलेली मी, गुडघे दुखतात म्हणाले. कारण मला दिसलं, ती माझ्या मांडीवर बसणार, सुई टोचली जाणार, आणि ती वर माझ्या तोंडाकडे बघणार. मग परत पाठ करून बसायचं. परत ते ताट.

८ मे, बुधवार

सायलीला सांगून आले, गुडघे बरे आहेत, उद्या येते.

९ मे, गुरुवार

नवी सिस्टर महादेवी, परळीची, तेवीस वर्षांची, पहिलीच नोकरी. सहा महिने झाले तिला. हात चांगला आहे, आत्मविश्वास कमी. घामाने भिजलेली होती. अंगणवाडीत पंखा होता, पण तो हलत नव्हता.

सायली अपूला घेऊन आत आली, मागून वच्छलाबाई. अपूने महादेवीचा पांढरा कोट बघितला, लसींचा निळा डबा बघितला, बाकावर रडणारी पोरं बघितली. आईच्या कडेवरून घसरली आणि पळाली. मला वाटलं दाराकडे पळाली. ती माझ्याकडे पळत आली. दोन्ही हात वर करून, "तित्ता, तित्ता" करत. माझ्या गळ्याला मिठी मारली आणि तोंड लपवलं.

माझ्या आयुष्यात सुईला भिऊन माझ्याकडे पळत आलेलं हे पहिलं लेकरू.

आणि मी काय केलं? मी तिला मांडीवर घेतलं, दोन्ही पाय गुडघ्यांत दाबले, एक हात काखेत घेतला, दुसरा मुठीत धरला. शिकवलेलं असतं तसं. इतकं घट्ट की तिला हलता आलं नाही. महादेवीला म्हणाले, "दे." तिने मांडीत दिली, मग दंडात. तोंडात थेंब.

अपूने वर बघितलं. तेव्हाच ते घडलं, जे मला इथे लिहावं लागेल.

आपल्याकडे लेकरू पडलं की आपण फरशीला मारतो. हात रे, माझ्या बाळाला लागलं. लेकरू गप होतं. अपू वर बघतेय, तिच्या चेहऱ्यावर अजून ठरलेलं नाही की हे कुणी केलं. आणि मी म्हणाले, "कुणी मारलं माझ्या अपूला? या सिस्टरनं मारलं? वाईट हाय ही सिस्टर. हात गं!" आणि महादेवीच्या दंडावर चापट मारली. अपूचा हात धरून तिलाही मारायला लावलं. सगळ्या बाया हसल्या. वच्छलाबाई म्हणाल्या, "अजून एक मार!"

महादेवीही हसली. पुढचं कार्ड हातात घेतलं.

अपूने तिच्याकडे बोट दाखवलं आणि माझ्या गळ्यात तोंड लपवलं.

१० मे, शुक्रवार. आखिती

अपूला रात्री थोडा ताप आला होता, आज उतरला. मांडीवर गाठ आहे, गार पाण्याची पट्टी ठेवायला सांगितली. वच्छलाबाईंनी पुरणपोळी पाठवली. आजवर या दिवशी त्यांच्याकडून ताट आलं नव्हतं.

पोळी चांगली होती. अर्धी तशीच ठेवली.

१४ मे, मंगळवार

अपू रोज येते. भिंतीच्या कडेने स्वतः चालत येते, मागून सायली. आज टबात बसून माझ्या पायांवर पाणी ओतलं, मग एकेक बोट धुतलं. माझ्या पायाच्या बोटांची नावं आईनेसुद्धा घेतली नसतील, ही त्यांना 'बाबू, बाबू' म्हणत होती.

मी सुखी आहे. मी लबाड आहे. दोन्ही एकाच शाईने लिहिते.

वच्छलाबाई आता पलीकडून म्हणतात, "जेव, न्हाईतर ती परळीची सिस्टर यील." मी ऐकते. दोरीवरचे कपडे काढते. आत जाते.

१७ मे, शुक्रवार

दुपारी अपूसाठी पाणी भरून ठेवलं होतं. दार वाजलं तर महादेवी. स्कूटीवरून आलेली, तोंड लाल झालेलं. गोवराच्या यादीतल्या दोन जुन्या नावांची घरं तिला सापडत नव्हती, माझ्या आठवणीत असतील म्हणून विचारायला आली होती. मी सांगितली. ती उठेना. पाणी दिलं, तांब्याभर प्यायली, तरी उठेना.

"मॅडम, इथं गार हाय," म्हणाली. मी तिला लिंबाखाली नेलं. चपला काढ म्हणाले, पाय टबात ठेव. तिने सलवार वर धरली, पाय ठेवले आणि डोळे मिटले.

मग आपणच बोलायला लागली. जिथे खोली घेतलीय तिथे घरमालकांचं तीन वर्षांचं पोरगं आहे. ती जिन्यातून उतरायला लागली की ते आत पळून कडी लावायला बघतं. सकाळी तर ती चपला हातात घेऊन उतरते, आवाज नको म्हणून. "मला घरी लहान भाची हाय, मॅडम. लेकरं माझ्यापाशी लई रमायची. मी कुनाला सांगितलं तर म्हनतील, एवढ्याशा गोष्टीला काय रडायचं." रडत नव्हती. पायाने पाणी हलवत होती.

मी तिला सांगायला हवं होतं की त्या दिवशी मी जे केलं ते मुद्दाम केलं. ते फरशीला मारणं नव्हतं. तोंड उघडलं, आणि भिंतीच्या टोकाशी अपू दिसली, हातात डबी घेऊन.

तिने टबात पाय सोडून बसलेल्या महादेवीला बघितलं. डबी पडली. अशी किंचाळली की लिंबावरचे पक्षी उडाले. मागे पळताना पडली, सायलीने उचलली.

भिंतीवरून सायली म्हणाली, "सिस्टर, त्या हायेत तवर न्हाई यायची ही. त्यांना लावा की वाटंला लवकर. रोजची येळ हाय तिची."

महादेवी लगेच उठली. ओले पाय चपलेत घालायला लागली, एक चपल उलटी घातली. "जाते मॅडम. माझ्यामुळं कशाला."

मला अपू हवी होती. अजूनही हवी आहे, हे लिहिताना पलीकडे तिचा आवाज येतोय आणि हात थांबतोय. ती उद्या येईल की नाही, मला माहीत नाही. परवाही माहीत नाही.

मी महादेवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं. भिंतीकडे बघून मोठ्याने, वच्छलाबाईंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सायली, पोरीला सांग, त्या दिवशी तिचे हातपाय मी धरले होते. या सिस्टरने न्हाई, मी. मीच 'दे' म्हणाले."

सायलीने अपूला आत नेलं. रडणं घरात गेलं, मग दार लागलं.

महादेवी माझ्याकडे बघत होती. "मॅडम, ती आता यायची न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तू बस."